फाल्गुनात तितर टिपायचा तर आदल्या संध्याकाळी माळावर जा

हरभरा निघाला, ज्वारीची कणसं खळ्यावर गेली, पळस पेटला की मराठवाड्यातल्या माळावर पहाटे एक आवाज वाढतो : ‘क-ती-तर, क-ती-तर’. थंडीत पाच-सात जणांच्या घोळक्यानं फिरणारे करडे तितर आता जोड्या करून आपापला तुकडा वाटून घेतात, आणि नर दगडावर किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढून तो तुकडा आपला असल्याची द्वाही फिरवतो. वर्षभर गवतातून पळणारा, दिसला-दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होणारा हा पक्षी एवढेच काही आठवडे स्वतःहून उघड्यावर उभा राहतो. कॅमेऱ्यानं टिपायला शिकायचं तर हेच दिवस.

कॅमेऱ्यानंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि कायद्याच्या लेखी फास लावणं, जाळं टाकणं, घरट्यातली अंडी उचलणं ही सगळी शिकारच. पिंजऱ्यात तितर पाळणंही चालत नाही. पण शिकाऱ्याची कला वाया जाऊ द्यायचं कारण नाही. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या नराला परवाना काढून गाठतात ते काही रान तुडवून नाही. पहाटे अंधारात जाऊन, जाड बुंध्याला पाठ लावून, हालचाल न करता बसून. जमिनीवर वावरणारा, नजरेनं तिखट, पहाटे ओरडणारा पक्षी असला की गाठायची रीत सगळीकडे तीच. चालत गेलात तर तितर मिळणार नाही. तो जिथे येणार तिथे आधी जाऊन बसावं लागतं.

आदली संध्याकाळ

नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो : थेट पहाटे जातो. अंधारात आवाज येतात, पण कुठून ते कळत नाही, आणि मग तो आवाजामागे चालत सुटतो.

सूर्य मावळायच्या तासभर आधी माळावर जा आणि उंचवट्यावर दहा मिनिटं गप्प बसा. तितर रात्री जमिनीवर झोपत नाही. बाभळीच्या, बोरीच्या किंवा हिवराच्या काटेरी फांद्यांत, फार उंच नाही अशा जागी बसतो. तिथे चढण्याआधी तो पुन्हा ओरडतो. आवाज आला की त्या दिशेला एखादी खूण धरा : अमुक हिवर, तमुक विजेचा खांब. मग दोन-तीनशे पावलं बाजूला सरकून पुन्हा ऐका आणि दुसरी दिशा धरा. दोन्ही रेषा जिथे कापतात तिथे त्याचं झोपायचं झाड. वारा असेल तर हा हिशेब चुकतो. आवाज वाऱ्याबरोबर वाहत येतो आणि पक्षी आहे त्याहून जवळ वाटतो. अशा दिवशी निकाल काढू नका, दुसऱ्या संध्याकाळी परत ऐका.

उजेड असेतो खाली जमीन वाचा. बैलगाडीच्या वाटेवरच्या फुफाट्यात पुढे तीन बोटं फाकलेला ठसा, कोंबडीच्या ठशापेक्षा लहान. झुडपाच्या कडेला ताटलीएवढे उथळ खळगे आणि त्यात एखादं बारीक पट्ट्यांचं पीस : तिथे तो धुळीत लोळतो. वाळलेलं शेण उकरलेलं, वाळवीची माती विस्कटलेली दिसली तर चरायची जागा तीच. दाणे, बिया, वाळवी, किडे हा त्याचा खुराक, म्हणून ज्वारी काढलेल्या वावराची माळाला लागलेली कड सगळ्यात चांगली.

झोपायचं झाड आणि चरायची कड यांच्या मधे बसायची जागा निवडा. झाडाखाली बसू नका. तुम्ही दिसलात की तो उलट्या बाजूनं उतरतो आणि पुन्हा त्या सकाळी तोंड दाखवत नाही. झाडापासून शंभर-दीडशे पावलं अंतर हवं.

आडोसा

तयार लपणाचे तंबू बाजारात मिळतात, पण मार्चमधल्या आपल्या माळावर त्यांचा हिरवा रंग लांबूनच ओरडतो. हिरव्या शेडनेटचंही तेच. त्यापेक्षा शेताच्या कडेला रचलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली धाटं, घ्या. मालकाला विचारून दोन पेंढ्या, तीन जुनी गोणपाटं आणि सुतळी एवढ्यात काम होतं. खताची पांढरी पोती नकोत. ती चमकतात आणि वाऱ्यात फडफडतात.

एखादी जाड बुंध्याची बाभूळ निवडा आणि तिच्या पश्चिमेला, बुंध्याला पाठ लावून, तोंड मावळतीकडे करून बसायची सोय करा. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते, म्हणजे तुम्ही सावलीत, सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी उजेडात. उलट बसलात तर भिंगात ऊन शिरतं आणि तितर नुसता काळा ठिपका येतो.

समोर बसल्यावर डोकं झाकेल एवढ्या उंचीचा तुराट्यांचा अर्धगोल रोवा. त्याला आतून गोणपाट बांधा. खिडकी वीतभर रुंद, तिच्या निम्मी उंच, जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटरवर. तितराच्या डोळ्यांच्या उंचीला भिंग जितकं जवळ, तितकं चित्र चांगलं. मागची बाजू मोकळी सोडू नका. पाठीमागून उजेड येत असेल तर खिडकीतून तुमचं डोकं हलताना बाहेर लख्ख दिसतं. बुंधा पुरत नसेल तर तिसरं गोणपाट पाठीमागे टांगा.

आडोसा बैठकीच्या चार-पाच दिवस आधी उभा करून सोडून द्या. पक्ष्यांना तो रोज दिसला पाहिजे. काल नव्हतं ते आज दिसलं की तितर त्या कडेला फिरकत नाही. वास लागेल ही चिंता मात्र सोडा. पक्षी तुम्हाला हुंगून नाही, बघून आणि ऐकून ओळखतो.

एक गंमत ध्यानात ठेवा. पांढरा सदरा-धोतर घालून बैलामागे चालणाऱ्या माणसाला तितर रोज बघतो, त्याच्यापासून थोडा बाजूला होतो, एवढंच. थांबलेला, वाकलेला, डोकावणारा माणूस त्याला धोक्याचा वाटतो. त्यामुळे मातकट कपडे घाला, तोंडाला आणि डोक्याला मळका गमछा गुंडाळा, हाताला जुने मोजे चढवा. घड्याळ, अंगठी, स्टीलची बाटली घरी ठेवा.

परवानगी, अंधार, साप

वावर ज्याचं त्याला विचारा. गायरान असेल तरी आजूबाजूच्या आखाड्यांवर (शेतातल्या वस्त्यांवर) सांगून ठेवा, पोलीस पाटलाच्या कानावर घाला. पहाटे पाचला बॅटरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस चोरच समजला जातो. विचारण्याचं दुसरं कारण जास्त मोठं आहे : रानडुकरांसाठी काही जण रात्री कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. हे बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मरतात. कोणत्या धुऱ्यावर तार आहे हे मालकाला आणि शेजाऱ्याला नेमकं विचारल्याशिवाय अंधारात कुठलंही कुंपण ओलांडू नका.

बूट घोट्याच्या वर हवेत. घोणस आणि फुरसं दोन्ही माळावर आहेत आणि उन्हाळा लागला की रात्री-पहाटे फिरतात. बसायच्या जागी आधी काठी आपटा, गोणपाट उचलून झटका, विंचू असतो. साप चावलाच तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काही नको. अंग हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

अभयारण्यात, मग ते पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य असो की येडशीचं रामलिंग घाट, वनविभागाच्या परवानगीशिवाय आडोसा घालता येत नाही. शिकायला आपल्या गावचा माळ पुष्कळ.

बैठक

मार्चच्या विषुवदिनाला बीडकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्याला सव्वासहाच्या आत. पहिली हाक त्याच्या अर्धा तास आधी येऊ शकते. म्हणून साडेपाचला जागेवर बसलेलं असावं, एप्रिलात सव्वापाचला. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा आणि प्रकाश पायाशी ठेवा.

बूड टेकायला घडी घातलेलं पोतं घ्या, वीतभर उंच. उकिडवं बसाल तर वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात, आणि तितर नेमका तुम्ही पाय सरळ करताना समोर येतो. भिंग टेकवायला जुन्या जीनची एक तंगडी शिवून त्यात दोन किलो ज्वारी भरा. तिवईपेक्षा हे बरं, कारण खिडकीत कुठेही सरकतं आणि आवाज करत नाही. शिवण पक्की हवी. दाणे सांडले की उंदीर येतात आणि गोणपाटही कुरतडतात. खायला भाकरी फडक्यात बांधून न्या, कुरकुरीत पुडा नको. खोकल्यासाठी खडीसाखर.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर ४०० मिमी भिंग पुरतं. तितर सव्वाफुटाच्या आतला, साधारण ३० सेंटीमीटर लांब. क्रॉप सेन्सरवर (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो लहान सेन्सर) ४०० मिमीनं १५ मीटरवरचा आडवा उभा असलेला तितर चौकटीच्या रुंदीचा तिसरा हिस्सा व्यापतो, ३० मीटरवर सहावा. म्हणून ज्या दगडावर तो चढेल असं वाटतं तो आडोशापासून १५ मीटरवर येईल अशीच जागा मांडा, आणि आदल्या संध्याकाळी त्याच दगडावर फोकस करून बघा. भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडं, शटर १/५०० सेकंद किंवा वेगवान, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ते) आपोआप पण ३२०० च्या वर नाही. फोकसचा एकच लहान बिंदू वापरा, नाहीतर पुढची कुसळं स्पष्ट आणि तितर धूसर येतो. वाळलेलं गवत फिकट असल्यानं कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशननं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं माप) उजेड वाढवा. कॅमेरा नसेल तर ८×४२ ची दुर्बीण न्या. मजा कमी होत नाही.

आता तो आला. आधी गवताच्या कडेला नुसती मान दिसेल, काठीसारखी ताठ. श्वास घ्या, पण बोट हलवू नका. दोन-तीन मिनिटं तो बघतो, मग चार पावलं पळतो, परत थांबतो. दगडावर चढला की मान वर, गळ्याखालचा पिवळसर डाग फुगलेला, भोवतीची काळी रेघ ताणलेली. चोच उघडते आणि प्रत्येक हाकेला सगळं अंग हिसका खातं. पहिला फोटो याच वेळी काढायचा, तो ओरडत असताना. त्याच्याच आवाजात शटरचा आवाज बुडतो. तो गप्प असताना बटण दाबलंत तर मान वळते आणि सकाळ संपते. शांत शटरची सोय असेल तर चालू ठेवा. पायावर आर (कोंबड्याला असतो तसा मागचा काटा) दिसली तर नर. मादीच्या पायावर ती सहसा नसते.

साडेआठ-नऊनंतर जमीन तापून झळा उठतात आणि लांबचं चित्र पाण्यातून काढल्यासारखं येतं. तोवर मेंढरं येतात. उठू नका. कळप सरकला, मातीत खुरांनी खळबळ झाली की बरेचदा तितर पंधरा-वीस मिनिटांत परत फिरतात. पाझर तलाव जवळ असेल तर याच वेळेला पखुर्ड्या (सँडग्राऊज, माळावरचे पक्षी) पाण्यावर उतरतात, त्यांच्याकडेही लक्ष ठेवा.

मोबाईलवर हाक वाजवू नका

पूर्वी पाळीव तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवत. त्याची हाक ऐकून त्या तुकड्याचा नर भांडायला येई आणि फाशात अडके. मोबाईलवर ध्वनिमुद्रण वाजवणं ही तीच युक्ती, फास तेवढा नाही. नर चरणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो, मादी एकटी पडते, आणि दोन-तीन सकाळी असं झालं की त्या जागी तो ओरडणंच सोडू शकतो. आवाज ओळखायला मर्लिन हे पक्षी ओळखायचं मोबाईल अॅप घरी ऐका, कानात घालून.

हाका येतात पण पक्षी समोर येत नाही, ही तक्रार सगळ्यांची. बहुधा तुमच्या आणि त्याच्या मधे उंच धुरा किंवा खोल ओढा असतो. तितर बरेचदा त्याच्या काठाकाठानं पळतो, आडवा ओलांडायचं टाळतो. आडोसा काठाच्या बाजूला सरकवा, पुन्हा चार दिवस सोडा. आणि मागे लागून आलेलं गावातलं कुत्रं असेल तर त्या दिवशी घरी परता.

करडा तितर एप्रिलपासून अंडी घालतो, जमिनीवरच, झुडपाखालच्या खळग्यात, सहसा सहा ते आठ. पाडव्यानंतर आडोसा लांब न्या, अक्षय तृतीयेनंतर मोडून टाका आणि तुराट्या मालकाला परत द्या. चालताना मादी पायाखालून फडफडत उठली आणि जवळच उतरली तर घरटं तिथेच आहे. वाकून शोधू नका, ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरा. कावळे वरून बघत असतात.

माळावर दोरीला ओळीनं बांधलेले फास दिसले तर उपटू नका. फोटो आणि मोबाईलवरचं ठिकाण घ्या, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.