रिलीव्हरला स्टार्टर करताय? मग बॅटर मोजा

जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडणं म्हणजे स्वतःचंच भरीत करून घेणं. त्या वेळात मी कूलरसमोर बसून ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकावर बेसबॉलचा संघ चालवायच्या खेळाचे हंगामच्या हंगाम खेळतो. त्यात एक उद्योग इतक्यांदा केलाय की त्यावरचे फुकटचे सल्ले ऐकले की डोकं फिरतं. उद्योग असा, की बुलपेनमधला (राखीव पिचरांमधला, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मागून एखाद्या इनिंगला येणारा पिचर उचलायचा आणि त्याला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर करायचा.

“स्टॅमिना बघ, बरा असला की टाक रोटेशनमध्ये.” (रोटेशन म्हणजे आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पाच स्टार्टरांची रांग.) हा सल्ला देणाऱ्याने स्वतः हे कधी केलेलं नसतं, लिहून घ्या. स्टॅमिना लागतो, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे.

चांगला स्टार्टर महाग, बरा रिलीव्हर स्वस्त, म्हणून तर हा खटाटोप. खेळ तुम्हाला येतो असं धरूनच पुढे लिहितोय.

माणूस निवडा

पिचरच्या पानावर आधी त्याच्या भात्यात किती प्रकारचे चेंडू आहेत ते बघा. तीन हवेत, आणि तिसरा नुसता नावाला नको. फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि स्लायडर (बाजूला वळणारा) या दोघांवर एक इनिंग मारून नेता येते, चार नाही. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरला नाचवतो, पण डाव्या बॅटरला तो तितका जाचत नाही. त्याच्यासाठी बहुतेकांकडे चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू असतो. रिलीव्हर असताना तुम्ही त्याला डाव्यांपासून लपवू शकता. स्टार्टर झाला की समोरचा संघ त्याचं नाव आदल्या दिवशीच वाचतो आणि लाइनअपमध्ये डावखुरे भरतो.

मग त्याच पानावर त्याची भूमिका बदलून स्टार्टर करा आणि स्टफचा, म्हणजे चेंडूंत किती दम आहे त्याचा आकडा पुन्हा बघा. तो खाली येतो. एका इनिंगपुरता जीव तोडून टाकणारा आणि अंगातली ताकद पुरवून वापरणारा हे एकाच माणसाचे दोन अवतार आहेत, आणि खेळ ते ओळखतो. माझ्या एका गड्याचा स्टफ २०-८० च्या मापात ६५ वरून थेट ५० वर आला. त्याला तिथल्या तिथे परत रिलीव्हर केला. ६५ चा ५५-६० झाला तर पुढे चला.

कंट्रोल, म्हणजे चेंडू हवा तिथे टाकणं, कच्चा असेल तर विषय बंद. २०१२ साली बोस्टन रेड सॉक्सने डॅनियल बार्ड या झकास रिलीव्हरला स्टार्टर केलं. त्या हंगामात त्याने ५९ इनिंगांत ४३ वॉक दिले, म्हणजे भरकटलेले चेंडू टाकून ४३ वेळा बॅटरला फुकट बेसवर पाठवलं. उलट त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सने ख्रिस सेलला बुलपेनमधून रोटेशनमध्ये आणलं आणि त्याने १७ सामने जिंकले. आपल्या हातात सेल आहे की बार्ड, हे एप्रिलमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

भूमिका कधी बदलायची

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सरावात. जूनमध्ये कोणी जायबंदी झाला म्हणून घाईघाईने करू नका.

रोटेशनमध्ये जागा

सहा-सात इनिंग खाणाऱ्या दोन स्टार्टरांच्या मध्ये. रिलीव्हरचे स्टार्टर केलेले दोघे असतील तर त्यांना लागोपाठच्या दिवशी ठेवू नका.

त्याला काढायचं कधी

इथे माझे दोन हंगाम वाया गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझा पहिला प्रयोग एका डावखुऱ्यावर होता. चार इनिंग लोण्यासारख्या जायच्या, पाचवीत होत्याचं नव्हतं व्हायचं. दर वेळी. मला वाटलं दमतोय. पुढच्या हंगामात चांगल्या स्टॅमिनाचा दुसरा आणला, तर तोही पाचवीतच फुटायचा. जळगावच्या मित्राला फोन केला, “आते काय करू भो?” तो म्हणाला, इनिंगची मर्यादा घाल, चार झाल्या की काढ. तेही केलं. मग कधी तो चौथीतच मार खायचा, तर कधी पाचवीतही सहज टाकू शकला असता अशा दिवशी बाहेर बसलेला असायचा.

शेवटी जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर त्याचा प्रत्येक सामना उतरवून काढला, प्रत्येक बॅटर कितवा ते लिहून. तेव्हा दिसलं की इनिंगचा यात काही संबंधच नाही. मार पडायचा तो एकोणिसाव्या बॅटरपासून. लाइनअप नऊ जणांची, म्हणजे दोन फेऱ्यांत अठरा. एकोणिसावा हा तिसऱ्यांदा समोर आलेला पहिला बॅटर. खऱ्या बेसबॉलमध्येही तिसऱ्या फेरीत बॅटर पिचरला जास्त झोडतात, कारण तोवर त्याचे सगळे चेंडू बघून झालेले असतात. पाच चेंडू असलेला काहीतरी नवं काढून दाखवतो. तीनवाल्याची झोळी तोवर रिकामी झालेली असते.

आणि एकोणिसावा म्हणजे कोण? समोरच्या लाइनअपचा पहिला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा, म्हणजे त्यांचे सगळ्यात तगडे बॅटर ओळीने. आपला माणूस सगळ्यात उघडा पडलेला असताना नेमके तेच येतात.

आमचे नाना रेल्वेतून निवृत्त झाले, सगळी नोकरी इंजिनावर गेली. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझी डायरी बघून म्हणाले, “अरे, हा तर बँकर आहे.” मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिनं जोडतात आणि घाट चढून इगतपुरीला आली की ती काढतात. तेच बँकर. नाना म्हणाले, त्याला घाट कुठे संपतो ते ठरवून दे. बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) न वाचता माणसाने नेमकं बोट ठेवलं.

तर आता करायचं ते असं. एका बॅटरला सरासरी चारच्या आसपास चेंडू पडतात. अठरा गुणिले चार म्हणजे ७२. खेळाडूच्या डावपेचांत त्याच्या नावापुढे चेंडूंची मर्यादा ७० घाला. पण ही फक्त दोरी आहे, सगळी भिस्त तिच्यावर टाकू नका. सोळावा बॅटर आला की बुलपेनमध्ये पुढचा माणूस गरम करायला लावा. अठरावा झाला की बदला, मग इनिंगचा मधला भाग असो की शेवट. निदान पहिले दहा सामने चेंडू-चेंडू बघत खेळा. दिवसच्या दिवस पळवत खेळाल तर संगणकाचा मॅनेजर त्याला विसाव्या, बाविसाव्या बॅटरपर्यंत ताणतो. मी अनुभवाने सांगतोय.

मोह होणार. एकदा माझ्या गड्याने अठरा जणांत एकही हिट दिला नव्हता. म्हटलं, आज राहू दे, आज त्याचा दिवस आहे. पुढच्या पाच जणांत एक वॉक, दोन सिंगल आणि एक होम रन. चार रन गेले आणि सामनाही. तेव्हापासून मी नियम मोडत नाही, समोर काहीही दिसत असलं तरी.

एकोणिसाव्याला आणायचा तो माणूस आधीच ठरलेला हवा. पहिला डावखुरा असेल तर दुसरा उजवा, म्हणजे डावखुऱ्यासाठी भरलेली त्यांची लाइनअप उलटी पडते. तो दोन-तीन इनिंग टाकणारा असावा. इथे क्लोझर, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखलेला रिलीव्हर, खर्च करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना हात जोडून नमस्कार.

१९७३ च्या आधीची लीग किंवा नॅशनल लीगचा जुना हंगाम खेळत असाल तर एक सोय आहे. तिथे पिचरला बॅटिंग करावी लागते. त्याची दुसरी पाळी आली की त्याच्याऐवजी बॅटर पाठवा आणि तिथेच त्याला मोकळा करा. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) कायमचा आला, ती सोय गेली.

बुलपेनचा हिशेब

हा हिशेब न करता सुरुवात करणारे जुलैमध्ये रडतात. संघात २६ माणसं, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर गेले की उरले आठ. असे दोन स्टार्टर ठेवले तर त्यांच्या सामन्यांत नऊपैकी पाच-पाच इनिंग बुलपेनवर येतात, बाकी तिघांच्या सामन्यांत तीन-तीन धरा. पाच सामन्यांत १९ इनिंग, आठ जणांत. निभतं. पाचही तसेच ठेवले तर २५, म्हणजे दर पाच दिवसांत माणशी तीनच्या वर, आणि हंगाम १६२ सामन्यांचा. दोनच्या पुढे जाऊ नका.

विजयांचा रकाना

बघू नका. स्टार्टरच्या नावावर विजय लागायला पाच इनिंग पूर्ण व्हाव्या लागतात, तुमचा गडी त्याच्या आधीच बाहेर असतो. २०२४ मध्ये आधीचा रिलीव्हर गॅरेट क्रोशे व्हाइट सॉक्सकडून ३२ सामन्यांत स्टार्टर होता, एकूण इनिंग १४६. म्हणजे सामन्याला पाचही नाहीत. स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं, २०९. विजय मोजत बसलं असतं तर तो कोणाच्या डोळ्यात भरला असता?

एवढंही झेपत नसेल तर

ओपनर, म्हणजे फक्त पहिल्या इनिंगपुरता उतरवलेला रिलीव्हर, वापरा. १९ मे २०१८ ला टॅम्पा बे रेजने सर्जिओ रोमो या रिलीव्हरला एंजल्सविरुद्ध पहिल्या इनिंगला उतरवलं. त्याने तिघांना बाद केलं आणि बाहेर आला, पुढची सहा इनिंग रायन यारब्रोने खेचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोमोच स्टार्टर. यात भूमिका बदलावी लागत नाही आणि स्टफही पडत नाही. शिवाय खरा पिचर दुसऱ्या इनिंगला आल्यामुळे त्यांच्या वरच्या चौघांना तिसऱ्यांदा भेटायची वेळ उशिरा येते. माझा जीव मात्र अठराच्या हिशेबातच रमतो.

जाता जाता, दर आठवड्याचा खेळ सेव्ह करत चला. आमच्याकडे लाइट सांगून जात नाही.

ऑक्टोबरमध्ये प्लेऑफ लागले की त्याला परत बुलपेनमध्ये पाठवा. मधे सुट्टीचे दिवस असतात, तीन-चार स्टार्टरांवर भागतं. आणि हंगामभर दोन फेऱ्या टाकलेला माणूस सातव्या इनिंगला एकाच फेरीसाठी आला, की त्याचा ६५ चा स्टफ परत दिसतो.