परदेशी क्षेत्रकार्यासाठी अनुदान: सोलापुरातून अर्ज कसा करावा

अनुदानाचा अर्ज वाचणारा माणूस पहिल्याच पानावर एका प्रश्नाचं उत्तर शोधतो: हे काम तिकडे गेल्याशिवाय होणारच नाही का? सोलापूर, पुणे, मुंबई, दिल्लीत जे मिळतं ते पाहून झालंय का? आपल्याकडचे बरेच अर्ज इथेच मागे पडतात. विषय चांगला असतो, गुण चांगले असतात, पण परदेशी जायचं कारण म्हणून ‘अधिक सखोल अभ्यासासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून आधी फॉर्म उघडू नका. आधी साधनांची यादी करा.

उदाहरण घेऊ. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. या विषयावर पीएच.डी. करणाऱ्याला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, कागद पाहायचे आहेत. अर्जात तो लिहितो, ‘ब्रिटिश लायब्ररीत या विषयावर विपुल साहित्य उपलब्ध असून त्याचा अभ्यास करणे अत्यावश्यक आहे.’ हे वाक्य कुणीही, कुठल्याही विषयाला चिकटवू शकतो. त्याच जागी हे लिहून पाहा: ‘मुंबईच्या राज्य अभिलेखागारातल्या गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फायली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह-राजकीय फायली मी पाहिल्या आहेत. मुंबई सरकारने वर काय कळवलं ते त्यांतून समजतं. लंडनने त्यावर काय विचार केला, हे मला सार्वजनिक व न्याय विभागाच्या फायलींत आणि गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स यांच्या खासगी कागदांत शोधायचं आहे. त्यांचे क्रमांक सोबतच्या यादीत दिले आहेत.’ दुसरा मजकूर लिहायला आधी काही महिने काम केलेलं असावं लागतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

ते काम इथूनच सुरू होतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या पाहता येतं. मुंबईचं राज्य अभिलेखागार फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. जाताना गाइडचं पत्र आणि ओळखपत्र विसरू नका. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा बराच काळ विस्कळीत राहिल्या. त्यामुळे यादीतली प्रत्येक फाइल सध्या वाचायला मिळते का, हे चौकशी विभागाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. अर्जाला जोडण्यासारखा याहून चांगला पुरावा क्वचितच असतो.

कुणाकडे मागायचं

योजना बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एकच अर्ज पाच ठिकाणी पाठवला तर पाचही ठिकाणी तो परका वाटतो.

दोन-तीन आठवड्यांसाठी ब्रिटनमध्ये जायचं असेल आणि विषय इतिहास, कला, वारसा अशा क्षेत्रांतला असेल, तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची छोटी संशोधन अनुदानं पाहा. ही रक्कम खर्चाला हातभार लावते, सगळा खर्च भागवत नाही. उरलेला पैसा कुठून येणार हे अंदाजपत्रकात दाखवावंच लागतं.

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप आहे. तिचा मुक्काम ६ ते ९ महिन्यांचा असतो आणि ती भारतातल्या विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी होऊन किमान वर्ष झालेल्यांसाठी आहे. अर्जाची मुदत बहुधा जुलैच्या मध्याला संपते आणि प्रत्यक्ष जाणं पुढच्या वर्षी होतं. सोलापूरच्या विषयांना तिकडे काय मिळणार, असं समजू नका. अमेरिकन मराठी मिशनचं सोलापुरात मोठं केंद्र होतं, आणि ते मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाचे कागद हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहेत. शिक्षण, आरोग्य, जात, धर्मांतर यांपैकी कशावरही सोलापूर जिल्ह्यात काम करणाऱ्याने ती सूची एकदा तरी चाळावी.

माणसांत राहून करायच्या संशोधनासाठी वेनर-ग्रेन फाउंडेशनचं प्रबंध-क्षेत्रकार्य अनुदान आहे. कमाल मर्यादा २५,००० डॉलर, मुदती वर्षातून दोन: १ मे आणि १ नोव्हेंबर. राष्ट्रीयत्वाची अट नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो, मात्र प्रश्न मानववंशशास्त्राच्या चर्चेला काय देणार हे त्याला पटवून द्यावं लागतं. संस्थेचा प्रशासकीय खर्च हे अनुदान देत नाही, म्हणून विद्यापीठाचा वाटा त्यात धरू नका. जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या अल्पमुदतीच्या संशोधनवृत्ती आहेत. देशात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय इतिहास संशोधन परिषद यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अटी, रकमा आणि मुदती बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात छापून घ्या आणि अर्ज लिहिताना समोर ठेवा.

बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती चालू असेल, तर परदेशातल्या मुक्कामाची लेखी परवानगी आधी घ्या. दोन ठिकाणचे पैसे एकाच खर्चावर चालत नाहीत. नंतर उघड झालं तर वसुली लागते.

वेळ उलटी मोजा

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. अर्ज, छाननी, मुलाखत, निकाल, व्हिसा यांत वर्ष सहज जातं. परत आल्यावर सामग्री लावायला आणि प्रकरणं लिहायला आणखी दीड वर्ष लागतं. याचा अर्थ कोर्सवर्क झालं आणि आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने) विषय मंजूर केला की लगेच तयारीला लागायचं. पाचव्या वर्षी केलेल्या अर्जावर ‘हे वेळेत पूर्ण होईल का?’ असा शेरा येतो, आणि तो रास्त असतो.

पासपोर्ट सगळ्यात आधी काढा. सोलापुरात टपाल खात्याच्या आवारातलं पासपोर्ट केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. खरी अडचण नावाची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाने, पीएच.डी.ची नोंदणी सासरच्या नावाने आणि पासपोर्ट तिसऱ्याच स्वरूपात, असंही दिसतं. कोणतं नाव चालवायचं ते एकदा ठरवा आणि अर्ज, निमंत्रणपत्र, शिफारसपत्र सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षरश: तसंच टाका. एका अक्षराच्या फरकामुळे व्हिसाच्या खिडकीवर कागद परत येतो.

यजमानाचं पत्र

तिकडच्या प्राध्यापकाला ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा दोन पानी ईमेल पाठवू नका. दीडशे शब्द पुरतात: तुम्ही कोण, प्रबंधाचा प्रश्न काय, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जुळतो, कोणत्या महिन्यांत यायचं आहे, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय. पैसे मागत नाही, हेही स्पष्ट लिहा. सोबत एक पानाचा सारांश जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग दुसरं नाव शोधा. पत्र आलं की त्यात तारखा, बसायला जागा, ग्रंथालय वापरायची मुभा आणि देखरेख कोण करणार हे आहे ना, ते पाहा. ‘यायला हरकत नाही’ एवढ्या पत्राचा छाननीत फार उपयोग होत नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. ‘उमेदवार हुशार, कष्टाळू व सद्वर्तनी आहे’ हा चारित्र्याचा दाखला झाला. गाइडला महिनाभर आधी सांगा आणि सोबत चार मुद्दे लिहून द्या: कोणती साधनं पाहून झाली, कोणतं प्रकरण लिहून झालं, कोणती भाषा किंवा लिपी येते, या प्रवासाशिवाय प्रबंधात काय अपुरं राहील. गाइडना यात कमीपणा वाटत नाही, उलट काम सोपं होतं.

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्यांना रजेच्या पत्राची अडचण येते, कारण तासिकेच्या नेमणुकीत अशी रजाच नसते. अर्जात स्वत:ला संशोधक विद्यार्थी म्हणून दाखवा आणि बोनाफाईड व ना हरकत पत्र संशोधन केंद्राकडून घ्या. महाविद्यालय केंद्र असेल तर प्राचार्यांची सही, विद्यापीठाचा विभाग असेल तर विभागप्रमुखांमार्फत केगावच्या प्रशासकीय इमारतीत अर्ज. हे पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह हवं. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. परीक्षांच्या आणि प्रवेशाच्या काळात फाइल टेबलावरून हलत नाही, म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवा.

दिवसांचा हिशेब, मग पैशांचा

अंदाजपत्रक नेहमी कामाच्या दिवसांवरून निघतं. वरच्या उदाहरणात यादीत ६० फायली आहेत आणि मुक्काम २१ दिवसांचा आहे असं धरा. रविवारी वाचनकक्ष बंद, म्हणजे ३ दिवस गेले. जाण्यायेण्याचे २. उरले १६. हस्तलिखित पानं असतील तर दिवसाला ३ फायली नीट होतात, म्हणजे ४८. बाकीच्या १२ कोणत्या सोडायच्या हे सोलापुरातच ठरवा आणि ‘प्राधान्यक्रम दुसरा’ असं लिहून यादीत ठेवा. ही आकडेमोड अर्जात दाखवली की मुक्कामाची मागणी आपोआप पटते. वाचकपत्र मोफत असतं, पण ओळखीचा आणि घरच्या पत्त्याचा पुरावा मूळ प्रतीत लागतो. पत्ता इंग्रजीत असलेला कागद न्या. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची.

पैशांच्या तक्त्यात विमानभाडं, राहणं, जेवण, स्थानिक प्रवास, व्हिसा शुल्क, विमा आणि प्रतींचा खर्च वेगवेगळ्या ओळींत दाखवा. प्रत्येक ओळीपुढे दर गुणिले दिवस आणि दर कुठून घेतला ते लिहा. विनिमय दराची तारीख टाका. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं, तो प्रवासही धरा. लोक हमखास विसरतात. युरोपात शेंगेन व्हिसासाठी विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. ‘किरकोळ खर्च’ अशी मोठी गोल रक्कम टाकलीत तर परीक्षकाची पेन्सिल आधी तिथेच थांबते. आणि कमी मागितल्याने अनुदान मिळतं हा समज सोडून द्या. राहण्याचा खर्च अशक्य वाटावा इतका कमी दाखवला, तर तुम्ही त्या शहराची चौकशीच केलेली नाही असा अर्थ निघतो.

पैसे आगाऊ मिळणार की खर्चानंतर, हे जाहिरातीत शोधा. नंतर मिळणार असतील तर तिकिटाचे पैसे घरातून उभे करावे लागतील. ती तजवीज अर्जाआधी झालेली बरी.

संशोधन माणसांवर असेल तर

मॉरिशसमधल्या मराठी समाजावर काम करायचं आहे असं धरा. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतातून गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आहेत, म्हणजे कागद आणि माणसं दोन्ही एकाच बेटावर. परीक्षक पहिल्यांदा विचारणार: क्रियोल येते का? तिथे घराघरांत रोजचा व्यवहार क्रियोलमध्ये चालतो. फक्त मराठीवर भिस्त ठेवली तर सण-उत्सवातली ठरावीक माणसंच बोलतील आणि निष्कर्ष एकांगी होतील. भाषा शिकण्याचे महिने किंवा दुभाष्याचं मानधन आराखड्यात दाखवाच.

संशोधनाचा परवाना हा स्वतंत्र विषय आहे. केनियात नाकोस्टी, टांझानियात कॉस्टेक, इंडोनेशियात ब्रिन या सरकारी यंत्रणांची परवानगी परदेशी संशोधकाला लागते. पर्यटक म्हणून उतरायचं आणि मुलाखती घ्यायच्या, हे कुठेच करू नका. तुमच्यापेक्षा तुम्हाला घरात घेणाऱ्या माणसांना त्याचा त्रास अधिक होतो. इथल्या नैतिकता समितीचा ठरावही लागेल. तुमच्या केंद्रात अशी समिती नसेल तर विद्यापीठाच्या समितीकडे जा. संमतीपत्र माहिती देणाऱ्याच्या भाषेत हवं, आणि ध्वनिमुद्रणं कुठे, किती वर्षं, कुणाच्या ताब्यात राहतील हे त्यात स्पष्ट हवं.

निकालानंतर

मिळालं तर पहिल्या दिवसापासून कागद जपा: तिकीट, बोर्डिंग पास, राहण्याची पावती, पैसे बदलल्याची पावती. भारत सरकारच्या पैशांवर जात असाल तर विमान तिकीट कुठून काढायचं याचे नियम आहेत. आधी हिशेब विभागाला विचारा, मगच तिकीट काढा. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर शेवटचा हप्ता अडतो. परदेशी संस्थेचा पैसा शिष्यवृत्ती म्हणून थेट तुमच्या खात्यावर येणं आणि महाविद्यालयाच्या खात्यावर येणं यांत कायद्याने मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात एफसीआरएचा, म्हणजे परदेशी निधीवरच्या कायद्याचा, प्रश्न येतो. मंजुरीपत्र आल्या आल्या लेखापालांना दाखवा.

नाही मिळालं तर शेरे मागवा. ते मिळतात तिथे नीट वाचा आणि पुढच्या मुदतीला प्रत्येक शेऱ्याला काय उत्तर दिलं ते लिहूनच अर्ज करा. दरम्यान यादीतल्या ज्या फायलींच्या प्रती पैसे भरून मागवता येतात त्या मागवा आणि त्यांवर एक शोधनिबंध लिहा. पुढच्या अर्जात लेखनाचा नमुना म्हणून तोच जोडता येईल.