हात जमिनीला टेकत नाहीत?

सूर्यनमस्कारात तिसऱ्या स्थितीला हात घोट्यापाशी अडकले की आपण पाठ गोल करून ते कसेबसे टेकवतो. ताण जातो कमरेवर, मांडीमागचे स्नायू होते तसेच आखडलेले. त्यापेक्षा गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे न्या. हातात पिशव्या असताना दार बुडाने लोटतो ना, अगदी तसं. दोन्ही हातांत एकेक लिटरची भरलेली बाटली धरा आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली जा. ८-१० वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. जड वाटेनासं झालं की वजन वाढवा. नुसत्या ताणण्यापेक्षा हे मला जास्त लागू पडलं. नंतर एकेक पाय ३० सेकंद ताणा, हिसके न देता. पायात मुंग्या आल्या तर लगेच थांबा, तेव्हा बहुधा स्नायू नाही, नस ताणली जात असते.