अंगठ्याला भोक नको, कळी घाला: क्रोशाचे बिनबोटांचे हातमोजे

‘एक नळी विणायची आणि अंगठ्यासाठी मध्ये भोक सोडायचं, झाले हातमोजे!’ असं सांगणाऱ्यांनी ते घालून कधी पेन धरलं नसावं. नळीचे हातमोजे टेबलावर ठेवले की छान दिसतात. हात घातला की खरं रूप कळतं. अंगठा जरा बाजूला नेला की सगळी वीण तिकडे ओढली जाते, तळव्यावर सुरकुत्या पडतात आणि वरची कड सरकत सरकत बोटांच्या मुळापासून खाली येते. अशा चार जोड्या मी स्वतः विणल्या आहेत आणि दोन चक्क भेटही दिल्या आहेत. त्या पुन्हा कुणाच्या हातात दिसल्या नाहीत.

म्हणून इथे अंगठ्यावर जास्त वेळ घालवणार आहे. बाकीचं सोपं आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि पूर्ण खांब एवढं येतं असं धरून चालते. या मराठी नावांवरच थांबा, हेही सांगते. इंग्रजी नमुना वाचताना अमेरिकेतला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ होतो, आणि त्या घोळात माझा एक अख्खा मफलर दुप्पट उंच झाला होता.

मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची सुई घ्या. १०० ग्रॅमचा गुंडा जोडीला पुरून उरतो. केसाळ लोकर नको आणि पहिल्या जोडीला काळा रंगही नको. टाका दिसलाच नाही तर उठावाची वीण, म्हणजे हाताच्या पाठीवर उमटणाऱ्या उभ्या सरी, करणार कशी? अर्ध्या खांबांचा छोटा चौकोन विणून मोजा. १० सेंटिमीटरमध्ये साधारण १६ टाके यायला हवेत. १८ आले तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. खालची मापं साधारण १८-१९ सेंटिमीटर घेराच्या तळव्याची आहेत.

मनगटपट्टी आडवी विणायची. १३ साखळ्या घाला, दुसऱ्या साखळीपासून १२ मुके खांब विणा आणि उलटा. पुढची प्रत्येक ओळ एक साखळी घेऊन, टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात १२ मुके खांब. अशा २८ ओळी झाल्या की दोन्ही टोकं स्लिप स्टिचने जोडा, म्हणजे टाक्यातून ओढलेला धागा थेट सुईवरच्या फाशातूनही काढायचा. शिवण आतल्या बाजूला ठेवा. ही पट्टी रबरासारखी ताणते. फेऱ्यांमध्ये गोल विणलेल्या पट्टीला हा गुण येत नाही, त्यामुळे तो शॉर्टकट घेऊ नका.

आता पट्टीच्या कडेवर, प्रत्येक ओळीच्या टोकाला एक, असे २८ मुके खांब गोल विणा. त्यावर २८ अर्ध्या खांबांची एक साधी फेरी. प्रत्येक फेरी एका साखळीने सुरू होते, ती साखळी टाका म्हणून मोजायची नाही, आणि फेरी स्लिप स्टिचने बंद होते. ही साधी फेरी गाळू नका, कारण उठावाच्या खांबाला मिठी मारायला खाली काहीतरी उंच लागतं. मुका खांब त्यासाठी फार बुटका पडतो.

उठावाची वीण फक्त हाताच्या पाठीवर, १४ टाक्यांत घ्यायची. तळव्याला साधे अर्धे खांब. तळव्यावर उठाव घेतला की काहीही धरताना उभ्या रेघा टोचतात. सायकलचं हँडल धरून बघा, लगेच कळेल.

पाठीवर एक अर्धा खांब, एक उठावाचा खांब, असं आलटून-पालटून विणायचं. उठावाचा खांब असा: सुईवर वेढा घ्या. खालच्या फेरीतल्या टाक्याच्या डोक्यात सुई न घालता, त्याच्या दांड्याच्या उजवीकडून सुई मागे न्या आणि डावीकडून पुढे काढा. धागा ओढून घ्या आणि नेहमीच्या पूर्ण खांबासारखं दोन-दोन फाशांतून दोनदा काढा. पुढच्या फेरीत उठावावर उठाव आणि अर्ध्या खांबावर अर्धा खांब, म्हणजे उभ्या सरी उमटतात. दांड्याला धरून विणलेला पूर्ण खांब खालून सुरू होतो, त्यामुळे त्याची उंची शेजारच्या अर्ध्या खांबाएवढीच भरते. बाकीचे सगळे टाके पूर्ण खांबांचे विणले असते तर पाठ आखूड आणि तळवा लांब झाला असता.

इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली. उठावाचा खांब झाल्यावर त्याच्या मागे लपलेल्या टाक्याचं डोकं रिकामं दिसतं आणि हात आपोआप त्यात जातो. जाऊ देऊ नका. तो टाका वापरून झालेला आहे. फेरीअखेर २८ चे ३१ झाले तर कारण हेच, दुसरीकडे शोधू नका.

आता अंगठा.

हात समोर धरून नीट बघा. अंगठा कडेला चिकटवलेला नाही. तो मनगटाच्या थोडा वरून, तळव्याच्या बाजूने फुटतो आणि त्याच्या मुळाशी मांसल फुगवटा आहे. मनगटापासून वर जाताना हात हळूहळू रुंद होतो आणि बेचक्यापाशी, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधे, ती रुंदी एकदम संपते. नळीत ही रुंदी नसते, म्हणून ती आजूबाजूच्या टाक्यांतून ओढून घेतली जाते. उपाय कपडे शिवणाऱ्यांना कधीचा ठाऊक आहे: त्रिकोणी कळी, म्हणजे वर जाताना रुंद होत जाणारा तुकडा.

कळी कुठे घालायची, यावर मी ठाम आहे. पाठ आणि तळवा यांच्या बरोबर सीमेवर नाही, तर एक टाका तळव्याच्या आत. सीमेवर घातलेली कळी अंगठ्याला बाहेरच्या बाजूला खेचते आणि पाठीवरच्या सरी तिरक्या होतात. एका टाक्याने काय फरक पडणार, असं मलाही वाटायचं.

उजव्या हाताचा हातमोजा असा मांडा. फेरीची सुरुवात करंगळीच्या बाजूला. पहिले १४ टाके पाठीचे, त्यांतले २, ४, ६ असे १४ पर्यंतचे सम क्रमांकाचे टाके उठावाचे. १५वा साधा, १६व्यात कळी, १७ ते २८ तळवा. फेरीचा पहिला टाका मुद्दाम साधा ठेवला आहे, जोडणीच्या गाठीशेजारी उठावाचा खांब नेहमी वाकडा बसतो.

साध्या फेरीनंतरच्या फेरीत १६व्या टाक्यात तीन अर्धे खांब विणा. हीच कळी. तिच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खुणेची पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवा. ‘डोळ्यांनी दिसतं की’ म्हणून मी पिना लावत नसे. तिसऱ्या फेरीपर्यंत खरंच दिसतं, चौथीत कळी एका बाजूला झुकलेली असते. पुढच्या फेरीत कळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात दोन-दोन, म्हणजे कळी ५ टाक्यांची. त्यानंतर एक फेरी वाढ न करता. मग ७, मग ९, आणि पुन्हा एक फेरी तशीच. फेरीतले एकूण टाके अनुक्रमे ३०, ३२, ३२, ३४, ३६, ३६. वाढ एका दमात उरकली तर मनगटाजवळ फुगा येतो आणि वर कापड कमी पडतं.

इथे हातात घालून बघा. फेऱ्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, माझ्यासुद्धा. शेवटच्या फेरीची कड बेचक्याला टेकली पाहिजे. बोटभर खाली राहिली तर वाढ न करता आणखी एक फेरी. बेचक्यात रुतत असेल तर एक फेरी उसवा. लांबी कमी असताना ‘ताणलं की होईल’ म्हणून पुढे गेलात, तर शेवटी पुन्हा नळीचेच हातमोजे हाती येतील.

कड बरोबर बसली की पुढच्या फेरीत कळीपर्यंत या, दोन साखळ्या घाला, कळीचे नऊच्या नऊ टाके सोडून द्या आणि पलीकडच्या तळव्याच्या टाक्यात विणायला लागा. त्यापुढच्या फेरीत त्या दोन साखळ्यांवर दोन अर्धे खांब येतात, एकूण २९ टाके होतात. सुरुवातीपेक्षा एक जास्त आहे, तो राहू द्या. बोटांच्या मुळाशी हात रुंदच असतो. सोडलेली फेरी धरून अशा चार फेऱ्या विणा, मग मुक्या खांबांची एक सैल फेरी, आणि धागा तोडा. बोटं मुळाशी दुमडतात त्याच्या किंचित खाली थांबायचं.

अंगठ्याची छोटी नळी विणताना मी वर्षभर रडले आहे. नवा धागा दोन साखळ्यांच्या खालच्या कडेला जोडून, नऊ टाक्यांवर गोल विणलं की साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पडतं. बोट घुसेल एवढं. पहिल्यांदा मी ती भोकं सुईदोऱ्याने शिवली, तर बेचक्यात कडक गाठ आली आणि दिवसभर घासत राहिली. मग कुठेतरी वाचलं की कोपऱ्यात एकेक जादा टाका घ्या. घेतला. भोक बुजलं, पण ११ च्या जागी १३ टाके झाले आणि अंगठा तुतारीसारखा वर पसरला. हा सल्ला अजूनही सगळीकडे दिला जातो, आणि देणारा पुढच्या फेरीत ते टाके कमी करा हे सांगायचं सोयीस्कर विसरतो.

करायचं असं. कोपऱ्यात टाका घ्या, पण तो सुटा पूर्ण करू नका. साखळीच्या खालून दोन मुके खांब विणून झाले की कोपऱ्याकडे बघा. साखळीला लागून असलेल्या, त्याच फेरीतल्या अर्ध्या खांबाची कड तिथे उभी दिसते. तिच्यातले दोन धागे सुईवर घ्या. एकच घेतला तर तो ताणून भोक आणखी मोठं होतं, नेमकी इथेच माझी चूक होत होती. त्यातून धागा ओढा, फासा सुईवर राहू द्या. लगेच कळीच्या पहिल्या टाक्यात सुई घालून पुन्हा धागा ओढा. सुईवर तीन फासे झाले, तिन्हींतून एकदम काढा. कोपरा आणि टाका मिळून एकच मुका खांब झाला. मग सात मुके खांब. नववा टाका दुसऱ्या कोपऱ्याबरोबर तसाच एकत्र करा. मोजा: ११. न जोडता, गोगलगाईच्या शंखासारखं फिरत आणखी तीन फेऱ्या मुक्या खांबांच्या घ्या आणि संपवा.

अंगठ्यासाठी जोडलेल्या नव्या धाग्याचं सुरुवातीचं टोक १५ सेंटिमीटर ठेवा. इतकं करूनही बारीक फट राहिलीच, तर आतून ते टोक कोपऱ्याभोवती एकदा फिरवून हलकेच ओढता येतं. गाठ मारायची नाही.

डावा हातमोजा उजव्याचं आरशातलं रूप असतो. हे आधी लिहून ठेवा, कारण उजव्यावरून नुसतं बघत विणलं की दुसराही उजवाच होतो. माझ्याकडे असे तीन उजवे पडून आहेत. डाव्यात सुरुवात करंगळीकडूनच, पण पहिले १२ टाके तळव्याचे, १३व्यात कळी, १४वा साधा, आणि १५ ते २८ पाठ. पाठीतला पहिला, म्हणजे १५वा टाका उठावाचा, मग एक सोडून एक २७ पर्यंत. २८वा साधा. डावखुरे असाल तर तुमची वीण उलट दिशेने जाते, म्हणून वर दिलेला उजव्याचा आराखडा तुमचा डावा होईल. दोन्ही झाल्यावर पाठी वर करून शेजारी ठेवा. अंगठे एकमेकांकडे वळले पाहिजेत.

टोकं जाड नाकाच्या सुईने आतून ओवून टाका, निदान दोनदा दिशा बदलून. खऱ्या लोकरीचे असतील तर कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सपाट वाळवा. सरी मोकळ्या होतात. अ‍ॅक्रिलिकचे असतील तर इस्त्री आणि वाफ दोन्ही लांब ठेवा. उष्णतेने तो धागा कायमचा ढिला पडतो आणि एवढ्या कष्टाने उचललेल्या सरी पापडासारख्या सपाट होतात.