वजन उचलायचंय? आधी ब्लाऊजमध्ये माया ठेवायला सांगा

मी जिमला जायला लागून आठ-नऊ महिने झाले असतील, चुलत नणंदेचं लग्न निघालं म्हणून पैठणीवरचा जुना ब्लाऊज कपाटातून काढला तर छातीला बसतोय, पाठीला बसतोय, पण बाही दंडावर येऊन जी थांबली ती थांबलीच. टेलर मास्तरांकडे गेले तर त्यांनी टेप लावला, वहीतलं जुनं माप बघितलं आणि म्हणाले, "वैनी, कंबर हाय तेवढीच हाय, दंडघेर मात्र इंचभर वाढलाय, काय करतायसा?" मी म्हटलं वजन उचलते. मास्तर हसले आणि आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, किती शिल्लक आहे ते बघायला लागले, नशिबाने होती.

लग्नात मात्र एकाच दिवशी, एकाच दंडाबद्दल तीन मतं ऐकली. आजेसासूबाई म्हणाल्या गालफडं बसलीत, खात नाहीस का नीट. मामेसासूबाई म्हणाल्या पैलवान झालीस की गं, पुरे आता. आणि नवरीची मैत्रीण, पुण्यात आयटीत आहे, ती हळूच येऊन विचारते, ताई शोल्डर्स कसले भारी दिसतायत, काय करता? दंड तोच, त्या दिवसापुरता तरी वाढलाही नव्हता आणि घटलाही नव्हता. त्या मुलीला तिथे पंगतीत जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहिते, तिच्यासारख्या अजून बऱ्याच जणी असणारच. मी ट्रेनर नाही, कोल्हापुरात राहणारी, नोकरी करणारी, दोन पोरांची आई आहे, चुका करत करत जे कळलं तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, डंबेल धरायच्या आधी एक काम करा. तुम्हाला नक्की कुणाच्या नजरेतलं शरीर हवंय ते ठरवा, आणि हे डोक्यात नको, कागदावर लिहा. कारण आपल्याकडे शब्द बघा किती आहेत, शेलाटी, सडपातळ, भरल्या अंगाची, खात्यापित्या घरची, काटक, धडधाकट, अंगापिंडानं मजबूत. लग्नाच्या जाहिरातीत सडपातळ लागते, लग्न झालं की वर्षभरात तीच सडपातळ "हाडाची काडं झाली" होते, शेतात कामाला बाई बघताना काटक बघतात आणि इन्स्टाग्रामवर अजून चौथंच काहीतरी चालू असतं, बारीक कंबर आणि खाली मोठे ग्लूट्स, म्हणजे नितंब. सगळ्यांना एका शरीरात खूश करणं होतच नाही. मी माझ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या, भरलेला सिलेंडर एकटीने हलवता आला पाहिजे, जमिनीवरून उठताना हात टेकायला लागू नये, आणि आईसारखी माझी हाडं साठीत ठिसूळ होऊ नयेत. कसं दिसायचं ते त्यात कुठेच नव्हतं, ते नंतर आपोआप आलं आणि खरं सांगते, आवडलं.

आता सगळ्यात मोठी भीती, "पुरुषासारखी दिसशील". तर बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषांच्या साधारण दहा ते वीस पटीने कमी असतं, त्यामुळे आठवड्यातून तीनदा तासभर वजन उचलून कुणाचा बायसेप रातोरात फुगत नाही. फुगला असता तर मी पेढे वाटले असते, एक इंचाला नऊ महिने लागले! ज्या बायकांचे फोटो दाखवून आपल्याला घाबरवतात त्या स्टेजवरच्या स्पर्धक असतात, वर्षानुवर्षं तेच काम करतात, फोटोच्या दिवशी चरबी आणि पाणी कमी केलेलं असतं, आणि काही जणी स्टिरॉइड्स, म्हणजे स्नायू फुगवायची औषधं, तीही घेतात. स्टिरॉइड्स हा मात्र खरा धोका आहे. आवाज घोगरा होणं, चेहऱ्यावर केस येणं हे त्याने होतं आणि औषध बंद केल्यावर आवाज परत येईलच असं नाही. तेव्हा जिममध्ये कुणी "मॅडम, एक गोळी आहे, लवकर रिझल्ट येईल" म्हणालं की बॅग उचलायची आणि घरी यायचं.

आणि गंमत म्हणजे ज्यांचं हे कामच आहे त्यांनासुद्धा बाईच्या अंगावर स्नायू किती शोभतात ते अजून नक्की ठरवता आलेलं नाही. अमेरिकेत मिस ऑलिंपिया ही बायकांची शरीरसौष्ठव स्पर्धा १९८० साली सुरू झाली, पहिली विजेती रेचल मॅक्लिश, बारीक आणि रेखीव. १९८३ मध्ये लास वेगासच्या एका स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली, ती मुळात पॉवरलिफ्टर, म्हणजे जड वजन उचलायच्या स्पर्धांतली, तिच्याएवढे स्नायू स्टेजवर दुसऱ्या कुणाचेच नव्हते आणि परीक्षकांनी तिला आठवा नंबर दिला. म्हणजे स्पर्धा स्नायूंची आणि गुण कापले ते जास्त स्नायू आहेत म्हणून, आता बोला. पुढे उलटं झालं, शरीरं मोठी मोठी होत गेली, मग कमी स्नायूंसाठी बिकिनी, फिजिक अशा वेगळ्या कॅटेगरी निघाल्या, २०१४ नंतर मिस ऑलिंपिया बंदच पडली आणि २०२० ला परत सुरू झाली. तिथले परीक्षक चाळीस वर्षं मत बदलत राहिले तर मामेसासूबाईंना काय बोलायचं.

आपल्या मातीतलं बघायचं तर कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी, पण बायकांनी लांबूनच बघायच्या. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ साली, सांगलीत, आणि गदा घेतली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. मी माझ्या पोरीला मीराबाई चानूचा व्हिडिओ दाखवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनी गटात तिने ११५ किलो डोक्यावर धरलं, म्हणजे स्वतःच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं. उंची किती तर पाच फुटांच्या आतबाहेर. साडी नेसून गर्दीत उभी राहिली तर ओळखूही येणार नाही.

बरं, आता कामाचं.

सुरू करायच्या आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला होता, म्हणजे दोघींत एकीहून जास्त. माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं आणि मी महिनाभर स्वतःला आळशी समजत होते. बीपी, स्लिप डिस्क, नुकतीच डिलिव्हरी किंवा सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

जिम निवडताना मशीन किती चकचकीत आहेत ते सोडा, तुम्ही जाणार त्याच वेळेला एकदा जाऊन बघा बायका वजनाच्या बाजूला आहेत की सगळ्या ट्रेडमिलवरच. मी आधी ज्या जिमला जायचे तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक-एक किलोचे गुलाबी डंबेल दिले आणि म्हणाला, मॅडम तुम्हाला टोनिंग करायचंय ना. मी त्याच सकाळी गॅसचा सिलेंडर गॅलरीतून ओट्यापर्यंत आणला होता. आत १४.२ किलो गॅस आणि वरून लोखंडाचं साधारण तेवढंच, म्हणजे तीसेक किलो. ते मी दर महिना-दीड महिन्याला वाकडंतिकडं वाकून ओढते तेव्हा कुणी टोनिंग म्हणत नाही. आणि टोनिंग असं वेगळं काही नसतंही, स्नायू वाढला आणि वरची चरबी थोडी कमी झाली की जे दिसतं त्याला लोक टोन म्हणतात. फक्त पोटाची चरबी किंवा फक्त दंडाची चरबी कमी करायचा व्यायाम नाही मिळत, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

व्यायाम पाचच शिका. बसून उठणं म्हणजे स्क्वॉट, जमिनीवरून उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, समोर ढकलणं, डोक्यावर ढकलणं आणि स्वतःकडे ओढणं. स्क्वॉट शिकायला घरची प्लॅस्टिकची खुर्ची पुरते, खुर्चीला ढुंगण टेकवायचं आणि लगेच उठायचं, टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. दहा सहज जमले की छातीशी पाच किलोचा डंबेल धरा. डेडलिफ्टला बायका पाठीतून वाकतात, आयुष्यभर बादली तशीच उचलली असते ना, तिथे कंबरेतून मागे जायचं, दोन्ही हातात पिशव्या आहेत आणि मागचं दार ढुंगणाने ढकलायचंय असं समजा, माझ्या डोक्यात हे असंच बसलं. पाठ सरळ, वजन पायाला जवळजवळ घासत वर. ही एक गोष्ट सुरुवातीला ट्रेनरसमोरच करा किंवा बाजूने मोबाईल लावून व्हिडिओ काढा, आरशात बघत मान वळवून करू नका.

प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, एका फेरीत आठ ते बारा वेळा. वजन केवढं घ्यायचं तर शेवटी अजून दोन मारता आले असते असं वाटेल तेवढं. वीस मारता येत असतील तर ते वजन हलकं आहे, पुढचं घ्या. बारा नीट जमले की पुढच्या वेळी एक किंवा अडीच किलो वाढवा. जिमचा मोठा बार, म्हणजे ज्याला वजनाच्या चकत्या लावतात तो दांडा, रिकामा असला तरी २० किलोचा असतो हे लक्षात ठेवा, बायकांचा १५ चा येतो पण तो फार ठिकाणी नसतो, तोपर्यंत डंबेलवर भागवा. आठवड्यातून तीन दिवस, नाहीच जमलं तर दोन, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा कमीत कमी दोनच सांगते. आणि वही ठेवा, पोरांची अर्धी उरलेली वही चालते, तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, बास.

पहिले सहा-आठ आठवडे ताकद वाढते पण दिसत काहीच नाही, कारण तेव्हा मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. काट्यावर तर किलोभर वाढलेलंही दिसेल, कामाला लागलेला स्नायू पाणी धरून ठेवतो. इथेच निम्म्या बायका सोडतात, माझ्यासोबत सुरू केलेल्या चौघींपैकी तिघींनी सोडलं. काटा माळ्यावर टाका, टेप घ्या. अंग दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवस राहतं ते ठीक, पण सांध्यात कळ मारली किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबा.

खाणं. दिवसाला शरीराच्या वजनामागे किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, साठ किलोच्या बाईला ७२ ते ९६ ग्रॅम. आपलं वरण-भात-भाजी-पोळीचं ताट तिथपर्यंत जात नाही, एक वाटी पातळ वरणात चार-पाच ग्रॅम मिळाले तरी खूप. मी असं करते, सकाळी दोन अंडी (१२), दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या (१०), मटकीची वाटीभर उसळ (८) आणि दही (५), रात्री ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी (२६) आणि वरण (५), झोपताना दूध (८), झाले ७४. सोया रोज जात नाही मग पनीर, चिकन, मासे. बुधवारी-रविवारी तांबडा-पांढरा असतोच आमच्यात, फक्त आता रस्सा इतरांना आणि पीस मला! उपवासाला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट हात सैल सोडून घाला आणि सोबत ताक, दही घ्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खायची सवय मात्र मोडा, प्रोटीन नेहमी आधी संपतं आणि भात उरतो.

एक गोष्ट जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. जड उचलताना थेंबभर लघवी होणं, विशेषतः बाळंतपणानंतर, हे बऱ्याच जणींना होतं. मी दोन महिने गडद रंगाच्याच लेगिंग्ज घालून जात होते आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. श्वास कोंडून पोट खाली ढकलू नका, उचलताना श्वास सोडा, वजन थोडं कमी करा, आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट असते तिला दाखवा. यावर इलाज आहे, "बायकांचं असंच असतं" म्हणून सोडायचं कारण नाही. पाळीत जमत असेल तर करा, नसेल तर हलकं करा, नियम काही नाही.

घट्टे येतील, आंघोळीनंतर प्युमिस दगडाने घासा. ब्लाऊज शिवताना दंडघेर अर्धा इंच सैल आणि दोन्ही बाजूंना माया, मुंढाही थोडा मोठा सांगा, तयार ब्लाऊज घेणार असाल तर स्लीव्हलेस बरे.

आणि बोलणाऱ्यांना काय सांगायचं? मोठ्यांशी वाद घालून मला तरी कधी काही मिळालं नाही. "डॉक्टरांनी हाडांसाठी सांगितलंय" एवढ्याने आमच्या आई, म्हणजे सासूबाई, गप्प झाल्या, आणि ते खोटंही नाही, चाळिशीनंतर हाडांना भार लागतोच. गल्लीतल्या कुणी "काय ओ वैनी, कुस्तीला उतरायचंय काय" म्हटलं तर मी हो म्हणते, जोड बघा एखादी. नवऱ्याला मात्र सरळ सांगून ठेवा की तुला कसं आवडतं ते तू सांगू शकतोस, पण त्यावरून माझं वेळापत्रक ठरणार नाही. आमच्यात यावर एकदा चांगलंच वाजलं होतं, आता मंगळवार-गुरुवारचा कुकर तो लावतो.

गणपतीत, लग्नसराईत, पोरांच्या परीक्षेत दहा-पंधरा दिवस बुडणारच. परत जाल तेव्हा वहीत बघून शेवटच्या वजनापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी घ्या, दहा किलो असेल तर आठ, आणि तिथून आठवड्याभरात वर या. पहिल्याच दिवशी जुनं वजन घेऊ नका, मी गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं आणि चार दिवस जिना उलटा उतरत होते.