मॉरिशसला राहायला येताय? आधी हे वाचा

मॉरिशसला नोकरीसाठी येणारी आपली बरीचशी मंडळी राजधानी पोर्ट लुई किंवा एबेनच्या ऑफिसात रुजू होतात आणि घर मात्र समुद्राकाठी शोधत बसतात. माझा आग्रह आहे की सुरुवातीला तरी मधल्या पठारावर घर घ्या. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, पण तेवढ्यातही हवा फार बदलते. उत्तरेला ग्राँ बेला लख्ख ऊन असतं, तेव्हा साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपीपला धुकं आणि पावसाची झड असते. क्युरपीपला भाडं कमी दिसलं तरी भिंतींची ओल आणि कपाटातली बुरशी आधी बघून घ्या. पठारावरचीच क्वात्र बोर्न आणि रोझ हिल ही गावं मला सगळ्यात सोयीची वाटतात. ना फार दमट, ना फार थंड, आणि दोन्हीकडे मेट्रो. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही मेट्रो २०२२ पासून पोर्ट लुई ते क्युरपीप अशी पूर्ण धावते, आणि २०२३ मध्ये रोझ हिलहून एबेनमार्गे रेदुईचा फाटाही सुरू झाला. बसवर फार विसंबू नका, संध्याकाळी सातनंतर त्या अगदी विरळ होतात. दुकानंही लवकर बंद होतात आणि पठारावरच्या गावांत गुरुवारी दुपारनंतर बरीच दुकानं उघडी नसतात.

इथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर-जानेवारी हा ऐन उन्हाळा, जुलै-ऑगस्टमध्ये थंडी, त्यामुळे एखादा स्वेटर सामानात असू द्या. उन्हाळ्याबरोबर चक्रीवादळांचा हंगाम येतो आणि तो मनावर घ्याच. हवामान खातं धोक्याचे इशारे वर्ग १ ते ४ असे देतं. वर्ग १ लागला की पाणी भरून ठेवा, टॉर्च, मेणबत्त्या, पाव, डबाबंद जिन्नस आणा, गच्चीवरच्या कुंड्या-खुर्च्या आत घ्या. वर्ग ३ लागल्यावर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग ऑफिसात कितीही महत्त्वाचं काम असो. १९६० च्या कॅरोल वादळात हजारो घरं जमीनदोस्त झाली. आज जिकडेतिकडे दिसणारी सपाट छपराची काँक्रीटची घरं ही त्यानंतरची. वाऱ्यापुढे ती टिकतात, पण पाण्याचा धोका वेगळा. मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात ११ जण गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानीच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. म्हणून मुसळधार पाऊस असेल तर पोर्ट लुईत गाडी काढू नका. एवढा पाऊस पडूनही ऑक्टोबर ते डिसेंबर पाण्याची ओढाताण असते. घराला साठवणीची टाकी आहे ना, हे करार करण्याआधी विचारा.

कागदपत्रांचं बहुतेक काम कंपनी बघते. कामाच्या परवान्याचे नियम आणि पगाराची अट बदलत असते, तेव्हा मित्राने सांगितलेल्या आकड्यावर न जाता इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाचे चालू नियम वाचा. पगार ठरवताना वर्षअखेरीचा बोनस विसरू नका. वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा इथे कायद्याने मिळतो. येताना झाडं, बिया, फळं आणू नका. गुंगीची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच, इथली तपासणी कडक असते. ई-सिगारेटला बंदी आहे. अँब्युलन्ससाठी ११४ आणि अग्निशमनासाठी ११५ हे नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये टाका.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपली माणसं इथेच अडखळतात. संसद इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच आणि घराघरात, बाजारात, बसमध्ये क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली. समोरचा चेहरा आपल्यासारखा दिसला म्हणून हिंदीत सुरुवात करू नका. काहींना हिंदी छान येते, काहींच्या आजीला भोजपुरी यायची, काहींचा दोन्हींशी संबंध नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, ऑफिसात पाऊल ठेवताच ‘बोंझूर’ म्हणा आणि मग कामाचं बोला. त्याशिवाय थेट किंमत विचारणं उद्धट समजलं जातं. ‘की मान्येर?’ म्हणजे कसं काय, त्यावर ‘कोरेक’ म्हणजे मजेत. एवढं आलं तरी माणसं मोकळी होतात. सहा महिन्यांत कामापुरती क्रेओल येईल, जरूर शिका.

खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत. भाजीबाजारात शेवग्याचा पाला, कारली, दोडकी, पडवळ, दुधी, भेंडी सगळं मिळतं. रस्त्यावरची ढोल पुरी म्हणजे डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी. ती जोडीनेच विकतात, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, चटणी आणि तिखट मिरची. गातो पिमां ही डाळीची छोटी भजी सकाळी पावात घालून खातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २ नोव्हेंबर १८३४ ला गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज इथे लागलं, आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख माणसं उसाच्या मळ्यांसाठी आणली गेली. हे मजूर जिथे उतरले, त्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या पोर्ट लुईच्या बंदरात आहेत. पहिल्याच महिन्यात तिथे जाऊन या. त्या माणसांत रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे मराठीही होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी गणपती सोडला नाही, जाखडी नाच सोडला नाही. गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

पण हे लोक मॉरिशियन आहेत. ‘तुम्ही मूळचे आमचेच’ असं म्हणून त्यांच्या खांद्यावर हात टाकू नका. त्यांची मराठी मोडकी वाटली तरी सुधारायला जाऊ नका. शाळा नाही, टीव्ही नाही, पत्र नाही, अशा काळात ती मळ्यांवरच्या झोपड्यांत जपली गेली आहे. त्यांच्या मंडळाच्या गणपतीला पाहुणे म्हणून जा, आरतीला उभे राहा, पाट-ताटं उचलायला मदत करा. मुंबई-पुण्याच्या पद्धती शिकवायला नवं वेगळं मंडळ काढण्यापेक्षा हे फार चांगलं. नव्याने आलेले आणि इथले मराठी यांच्यात पडणारं अंतर बघून मला मनापासून वाईट वाटतं, आणि ते मिटवायची जबाबदारी येणाऱ्याची आहे.

मुलं बरोबर येत असतील तर शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्या हिशेबाने बदली मागा. सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, आणि मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये वरच्या पातळीवर मराठी शिकवली जाते. खासगी शाळांत ही सोय असेलच असं नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.