सुट्ट्यांच्या धावपळीत चांगल्या सवयी टिकवायच्या कशा

सुट्ट्या लागल्या की व्यायाम बुडतो, झोपेचे तीनतेरा वाजतात, खाण्याला धरबंध राहत नाही, आणि बहुतेक जण त्याचं खापर आपल्या कमकुवत मनावर फोडतात. खरं कारण बहुधा वेगळं असतं. रोजची सवय आजूबाजूच्या खुणांवर चालते: ठरलेला अलार्म, दाराजवळ ठेवलेले बूट, कामाच्या ठिकाणची जेवणाची सुट्टी, घरी परतण्याची वेळ. सुट्टीत या खुणाच गायब होतात. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, नाहीतर आपणच कुणाकडे तरी उतरलेले असतो. अशा वेळी मन घट्ट करून फारसं काही साधत नाही. सवय छोटी करायची आणि तिला नवी खूण द्यायची, एवढंच करण्यासारखं असतं.

आधी किमान ठरवा

सुट्ट्या सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कागद घ्या आणि टिकवायच्याच अशा तीन, फार तर चार सवयी लिहा. प्रत्येकीपुढे तिचं किमान रूप लिहा, म्हणजे सगळ्यात धांदलीच्या दिवशीही जमेल इतकंच. रोज ४५ मिनिटं चालणाऱ्यांनी १५ मिनिटं. आठवड्यातून चार दिवस जिमला जाणाऱ्यांनी घरच्या घरी दोनदा. जमलं तर जास्त करायला कुणी अडवलेलं नाही, पण हिशेब किमानाचाच धरायचा.

मग प्रत्येक सवय एखाद्या खुणेला बांधा. सुट्टीत घड्याळाचा भरवसा नसतो, म्हणून ‘सात वाजता’ असं लिहू नका. जे काहीही झालं तरी घडणारच आहे ते शोधा: दात घासणं, सकाळचा पहिला कप, अंघोळ, जेवून उठणं. ‘दात घासून झाले की लगेच बूट घालायचे’ हे वाक्य चालतं. ‘वेळ मिळेल तेव्हा चालायचं’ हे चालत नाही, कारण वेळ मिळाल्याची घंटा कुठेच वाजत नाही. एका खुणेला एकच सवय बांधा. दोन बांधल्या की अवघड वाटणारी हमखास गळते.

एखादा दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ होता. एखादी संधी हुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. तेव्हा बुडालेल्या दिवसाची भरपाई करायला दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करू नका. त्याने अंग दुखतं आणि तिसरा दिवसही जातो.

झोप: उठण्याची वेळ धरून ठेवा

रात्री किती वाजता आडवं व्हायला मिळेल हे सुट्टीत आपल्या हातात नसतं. उठण्याची वेळ बरीचशी असते. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, त्यामुळे नेहमीच्या वेळेपेक्षा तासाभराहून उशिरा उठू नका. एरवी साडेसहाला उठत असाल आणि रात्री दीड वाजला असेल, तरी साडेसातला उठा, पंधरा-वीस मिनिटं बाहेर उजेडात जा आणि दुपारी तीनच्या आत २० मिनिटांची डुलकी काढा. अलार्म लावूनच. अर्ध्या तासापलीकडे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. सकाळी अकरापर्यंत लोळून झोप भरून काढली, तर त्या रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, आणि हे चक्र सुट्टी संपेपर्यंत चालू राहतं.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला गप्पांच्या नादात घेतलेला कप रात्री दहालाही अर्धा अंगात असतो. दुपारी दोननंतर बंद, हा नियम सोपा आहे. सलग दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल, तर तिसऱ्या रात्रीच्या बेताला सरळ नाही म्हणा. कमी झोपेनंतर भूकही वाढते, हा त्याचा वेगळाच फटका.

व्यायाम: वेळ कमी करा, जोर कमी करू नका

कमावलेली ताकद आठ-दहा दिवसांत कुठे जात नाही. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं की आधी दम कमी होतो, ताकद त्यानंतर. ती राखायला मात्र कमावण्यापेक्षा पुष्कळ कमी व्यायाम पुरतो, अट एवढीच की कस कमी करायचा नाही. फेऱ्या कमी करा, दिवस कमी करा, पण जितकं कराल तितकं जोर लावून.

साधनांशिवाय करायचा साधारण १५ मिनिटांचा क्रम असा. खुर्चीपुढे उभं राहून तिला टेकेपर्यंत खाली जायचं आणि उठायचं, १२ वेळा. मग जोर (पुश-अप्स), ८ ते १२; जमिनीवर जमत नसतील तर ओट्याच्या कडेवर हात टेकवून. मग पुस्तकांनी भरलेली पाठीवरची पिशवी एका हातात धरून, कमरेतून वाकून, कोपर मागे नेत वर ओढायची, दोन्ही बाजूंनी १०-१०. शेवटी कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून २० ते ४० सेकंद. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती घेत याच्या तीन फेऱ्या करा, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून.

प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या दोन वेळांना दम लागला पाहिजे. लागत नसेल तर संख्या वाढवत बसू नका, खाली जायला तीन सेकंद घ्या. फरक लगेच कळतो. उठताना गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे रुंद ठेवा. पिशवी ओढताना पाठीला बाक येत असेल तर मोकळा हात खुर्चीवर टेका. भरल्या पोटी करू नका. सकाळी अंघोळीआधी, फोन हातात घेण्याआधी उरकलं तर बुडण्याची शक्यता सगळ्यात कमी.

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुट्टीत त्यातला मोठा भाग जेवणानंतरच्या चालण्यातून निघतो. भरपेट जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १० ते १५ मिनिटं चाललं, की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर ती कमी चढते. एकट्याने उठून जाणं अवघड वाटतं, म्हणून कुणाला तरी सोबत ओढा. गप्पाही होतात.

खाणं

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणं. कडकडून भूक लागलेला माणूस निवडत नाही, समोर येईल ते भराभर खातो, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नाश्ता आणि दुपारचं जेवण नेहमीसारखंच घ्या. निघण्याआधी दोन-तीन तास १५ ते २० ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या. दोन अंडी आणि पेलाभर दूध मिळून साधारण २० ग्रॅम होतात.

दुसरी गंमत विविधतेची. एका चवीला जीभ कंटाळते, पण नवी चव आली की भूक पुन्हा जागी होते. म्हणून जेवण झालं तरी गोडाला जागा असते. पदार्थ जितके जास्त, तितकं एकूण खाणं जास्त. त्यामुळे ताट हातात घेण्याआधी सगळ्या टेबलाभोवती एक फेरी मारा. एरवी मिळत नाहीत असे तीन-चार पदार्थ निवडा, कधीही मिळणारे सोडून द्या. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबिरीचं. एकदाच वाढून घ्या आणि टेबलापासून लांब बसा. लहान ताट घेतलं की आपोआप कमी खाल्लं जातं, असं नेहमी सांगतात. त्याचा पुरावा डळमळीत आहे, त्यावर विसंबू नका.

आग्रहाला तोंड देताना डाएटचं नाव काढू नका, वाद सुरू होतो आणि ताटात वाढलं जातंच. ‘आत्ता नको, थोड्या वेळाने घेते’ पुरतं. ताटात एक घास शिल्लक ठेवा. रिकामं ताट दिसलं की वाढप्याचा हात चालतोच.

गोड पेयांकडे बारीक लक्ष ठेवा. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोल्ड्रिंकच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. म्हणजे एका डब्यात काम तमाम. दारू घेत नसाल तर सुट्टी हे सुरू करायचं निमित्त नव्हे. घेत असाल तर रिकाम्या पोटी नको, प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास पाणी, आणि झोपण्याआधी तीन तास थांबा. यकृत आपल्याच गतीने काम करतं, कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने ते घाई करत नाही. सुट्टीत बेताल पिण्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याला डॉक्टरांनी १९७८ मध्येच ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलंय. छातीत धडधड थांबत नसेल, श्वास अडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर दिसला तर घाबरू नका. जास्तीच्या मिठाबरोबर पाणी साठतं, आणि ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. एका रात्रीत किलोभर चरबी चढायला जवळजवळ ७,७०० जादा कॅलरी लागतील. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर करा. अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: वर्षअखेरच्या सुट्ट्यांत सरासरी वाढ होती जेमतेम ३७० ग्रॅम. लोकांना मात्र ती चौपटीहून जास्त वाटत होती. पण हेच थोडंसं वजन पुढे बहुतेकांचं उतरलं नाही. म्हणून घबराट नको आणि बेफिकिरीही नको.

औषधं आणि उरलेलं अन्न

रोजची गोळी सुट्टीत विसरली जाते, कारण तिची खूणही हरवलेली असते. आठवड्याच्या कप्प्यांची डबी भरा, फोनवर अलार्म लावा, प्रवासात आठवडाभराचा जादा साठा हाताशी ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात देऊ नका, गोठलं की ते निकामी होतं. इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण दोन तास लांबलं तर धोका असतो. खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटलं की घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. डोस बदलायचा का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू तिथेच वाढतात. उथळ डब्यांत काढा. तीन-चार दिवसांत संपवा आणि वाफ येईपर्यंत गरम करून खा.

परत रुळावर

प्रवासाहून परतल्यावर कामावर जाण्याआधी एक मोकळा दिवस ठेवता आला तर ठेवा: भाजी आणायला, कपडे धुवायला, वेळेवर झोपायला. बूट पुन्हा दाराजवळ. उरलेलं गोड दिसेल असं ठेवू नका, वाटून टाका. व्यायाम दोन आठवड्यांपेक्षा जास्त बंद असेल, तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दोन-तृतीयांश वजनावर आणि निम्म्या फेऱ्यांवर सुरुवात करा. थेट जुन्या वजनाला हात घातला, तर स्नायू सगळ्यात जास्त दुखतात ते एक-दोन दिवसांनी, म्हणजे नेमके पुढच्या व्यायामाच्या दिवशी.